पहिलं अल्बम-परीक्षण: अठरा दिवस, सहाशे शब्द आणि एक आकडा

गाण्यांबद्दल मी बरीच वर्षं लिहीत आले, पण ते सगळं सुरक्षित अंतरावरून. जुने अल्बम, ज्यांच्याबद्दल जगाने काय ते आधीच ठरवून टाकलेलं असतं. अजून बाहेर न आलेला अल्बम ऐकायचा, ठरलेल्या तारखेच्या आत ठरलेल्या शब्दांत त्याबद्दल लिहायचं आणि शेवटी दहापैकी गुण द्यायचे, हे काम पहिल्यांदा केलं ते गेल्या वर्षी जूनमध्ये. आधी मी खूप शोधाशोध केली होती, की हे समीक्षक लोक नेमकं करतात तरी कसं. ‘मनापासून ऐका, प्रामाणिकपणे लिहा’ याच्या पलीकडे फारसं हाती लागलं नाही. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवते. त्यात माझी एक मोठी फजितीही आहे, ती गाळणार नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका संगीतविषयक नियतकालिकाला मेल पाठवला. सोबत दोन नमुना परीक्षणं जोडली, एक आवडलेल्या अल्बमचं आणि एक न आवडलेल्याचं. दुसरं जरूर जोडा. पुढे कळलं की संपादकांनी पूर्ण वाचलं होतं ते तेच. तीन आठवडे काही उत्तर नाही. मग तीन ओळींची आठवण पाठवली, एकदाच. पुन्हा शांतता. मी तो विषय डोक्यातून काढून टाकला आणि 2 जूनला, सोमवारी, उत्तर आलं.

एका गायिकेचा दुसरा अल्बम. अकरा गाणी, 43 मिनिटं. प्रदर्शन शुक्रवार, 20 जून. मजकूर मंगळवारी 17 तारखेपर्यंत. सहाशे शब्द. गुण दहापैकी, अर्धा गुण चालेल. प्रदर्शनाच्या क्षणापर्यंत एम्बार्गो, म्हणजे तोवर अल्बमबद्दल कुठेही एक शब्द बोलायचा नाही, ‘सध्या काहीतरी छान ऐकतेय’ एवढंसुद्धा नाही. मानधन परीक्षणामागे ठरलेलं होतं, तासांवर नाही. मी तरी तास मोजले: एकूण 31. आकडा सांगतेय तो एवढ्यासाठी, की पोट भरायला हे काम हाती घेणार असाल तर आधी तो भागाकार करून बघा.

शुक्रवारचीही एक गंमत आहे. 10 जुलै 2015 पर्यंत देशोदेशीचे वार वेगळे होते, अमेरिकेत मंगळवार, ब्रिटनमध्ये सोमवार. त्या तारखेपासून बहुतेक जगाने नव्या अल्बमसाठी शुक्रवार ठरवला. श्रोत्यांची सोय झाली, पण त्यामुळे सगळी परीक्षणंही एकाच वेळी संपादकांच्या टेबलावर येऊन पडतात. मंगळवार हुकला तर तुमच्यासाठी कुणी थांबलेलं नसतं.

मेलसोबत एक फॉर्म होता. ‘या अल्बमवर काम केलेल्या कुणाशी तुमचं नातं, मैत्री, आर्थिक व्यवहार किंवा भांडण आहे का?’ भांडण हा शब्द वाचून हसू आलं, पण प्रश्न रास्त आहे. अल्बमवर बेस गिटार वाजवणाऱ्याला मी एका कार्यशाळेत दोन तास भेटले होते. लिहावं की नाही यावर अर्धा दिवस घालवला आणि शेवटी लिहिलं. ‘चालेल’, एका शब्दात उत्तर आलं. असल्या बारीक गोष्टी आपणच सांगून टाकलेल्या बऱ्या. नंतर दुसऱ्याने शोधून काढल्या की त्या बारीक राहत नाहीत.

बुधवारी, 4 तारखेला, प्रसिद्धी सांभाळणाऱ्या कंपनीकडून लिंक आली. फाइल्स उतरवून घेता येत होत्या, पण प्रत्येक फाइलमध्ये कानाला न कळणारा वॉटरमार्क होता. गाणी बाहेर फुटली तर ती कुणाच्या प्रतीतून फुटली ते त्यावरून समजतं. तीन आठवड्यांनी लिंक बंद होणार होती. सोबत आणखी दोन कागद: श्रेयनामावली आणि दोन पानी प्रेस नोट.

प्रेस नोट मी उघडली नाही, आणि तेही मोठ्या तत्त्वाने. त्यात गायिकेला काय म्हणायचं आहे ते लिहिलेलं असतं. ते आधी वाचलं, की आपल्याला तेच ऐकू यायला लागतं. अल्बम ‘विरहानंतरच्या सावरण्याबद्दल’ आहे असं कुणी सांगितलं, तर ढोलाच्या ठेक्यातही सावरणं सापडतं. तेव्हा प्रेस नोट बंद ठेवायची आणि लिहून झाल्यावर वाचायची असं ठरवलं. श्रेयनामावली तेवढी वाचली: कोण काय वाजवतं, ध्वनिमुद्रण कुणाचं, मिक्सिंग-मास्टरिंग, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणं आणि त्यावर शेवटचा हात फिरवणं, कुणाचं. ती वादकांच्या नावांप्रमाणे होती, गाण्यांप्रमाणे नव्हे. या तपशिलाचं महत्त्व पुढे येईल.

पहिलं ऐकणं त्याच रात्री. दिवे बंद, फोन दुसऱ्या खोलीत, वही नाही. पहिल्या खेपेला काही लिहायचं नाही हा माझा नियम, आणि तो अजूनही पटतो. लिहायला लागलं की कान पुढच्या वाक्यासाठी शब्द शोधू लागतात आणि मधली दहा सेकंदं निसटतात. 43 मिनिटांनी दिवा लावला तेव्हा डोक्यात एवढंच होतं: सुरुवात फार संथ, मध्ये कुठेतरी छान, शेवट अर्धवट. दुसऱ्या दिवशी दुसरी खेप, आता वही आणि मिनिट-सेकंदांसह. ‘छान’ असं लिहायला मी स्वतःलाच बंदी घातली होती. ‘2:14, श्वास नाही’ असं लिहायचं.

ती नोंद खरी आहे. एका गाण्यात प्रत्येक कडव्याच्या आधी गायिका श्वास घेते आणि तो स्पष्ट ऐकू येतो, कानाजवळ कुणी बोलायला तोंड उघडावं तसा. पहिल्या कडव्याआधी आहे, दुसऱ्याआधी आहे. तिसऱ्या कडव्याआधी, 2:14 ला, तो काढून टाकलाय. ओळ शून्यातून सुरू होते. हेडफोनवर चार वेळा मागे नेऊन ऐकलं. चूक असेल का? मग लक्षात आलं की तिथेच बेसही एक मात्राभर थांबतो. म्हणजे दोघांनी मिळून केलेली गोष्ट आहे. नंतर मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर ऐकलं तर बेस पूर्ण गायब, आणि श्वासाचा सगळा परिणामही गेला. तेव्हापासून वेगवेगळ्या साधनांवर ऐकण्याचं महत्त्व पटलं: एकदा हेडफोन, एकदा खोलीतले स्पीकर, एकदा फोन, एकदा गाडी चालवताना. बहुतेक श्रोते शेवटच्या दोन प्रकारांनीच ऐकणार आहेत.

तुलना करायची म्हणून तिचा पहिला अल्बम स्वतःच्या पैशाने विकत घेतला. नवा ऐकायचा, मग जुना, पुन्हा नवा. दोन दिवस माझी खात्री होती की नवा कितीतरी ‘जिवंत’ वाटतो. मग आवाजाच्या पातळीकडे लक्ष गेलं. नवा सरळसरळ मोठ्या आवाजात मास्टर केलेला होता, आणि माणसाच्या कानाला मोठं ते चांगलं वाटतं, मग तो कान समीक्षकाचा का असेना. स्ट्रीमिंग सेवा हा फरक बराचसा पुसून टाकतात. स्पॉटिफाय साधारण उणे 14 एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाजाचा जोर मोजायचं एकक) या पातळीला गाणी आणून वाजवतं. आगाऊ मिळालेल्या फाइल्सना अशी कात्री लागलेली नसते. मी नव्याचा आवाज हाताने कमी करून दोन्ही सारखे केले आणि ‘जिवंतपणा’ निम्म्यावर आला. वहीतली दीड पानं खोडली.

आणखी एक सापळा होता. तीन गाणी आधीच सुटी प्रसिद्ध झालेली होती, त्यातली दोन मी मे महिन्यात बऱ्याचदा ऐकली होती. अल्बममधली माझी सर्वांत आवडती गाणी कोणती? तीच दोन. केवळ परिचयाने गोष्ट आवडू लागते हे रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये प्रयोग करून मांडलं होतं. मला ते माझ्याच वहीत दिसलं. त्यावर उपाय म्हणून ती दोन गाणी चार दिवस वगळली आणि उरलेली नऊ वाजवत राहिले. त्यातलं एक मग वर आलं, आणि दोनांपैकी एक घसरलं.

शब्द मी कानानेच उतरवले, प्रेस नोट बंद ठेवण्याच्या हट्टापायी. त्याला वेळ लागतो, पण एक फायदा होतो: कुठे उच्चार मुद्दाम गिळलेत ते कळतं.

13 तारखेला, शुक्रवारी, लिहायला बसले. पहिला खर्डा 940 शब्दांचा झाला आणि वाचून मलाच कंटाळा आला. ‘तरल’, ‘आर्त’, ‘गूढ’, ‘अंतर्मुख’. हे शब्द कुठल्याही अल्बमला लावा, बसतात. एका जुन्या मित्राचा सल्ला आठवला: विशेषणं काढून टाक आणि काय उरतं ते बघ. काढली. 310 शब्द उरले आणि त्यातले दोनशे श्वासाबद्दल. मग नव्याने उभारणी केली, आधी काय ऐकू येतं आणि मगच त्याचं मला काय वाटतं. हे दोन वेगळे ठेवले की वाचणाऱ्याला माझं मत नाकारूनही अल्बमची कल्पना येते. ‘गिटार मागे ढकललीय, आवाज कोरडा आहे, त्याला घुमारा नाही’ हे वाचून कुणी म्हणेल, अरे वा, मला असंच आवडतं. माझं मत वाया गेलं तरी त्याचं काम झालं.

मग तो आकडा.

आधी मी एक शिडी केली. मला नीट माहीत असलेले दहा अल्बम घेतले, त्यांना गुण दिले, आणि नव्याला त्यांच्या मध्ये कुठेतरी जागा शोधायची. दहापैकी सात अल्बमना मी आठ दिले होते! कारण उघड आहे: मी ऐकते तेच मुळी मला आवडणारं. मग मुद्दाम अर्धवट सोडलेले, नावडते अल्बम आणून शिडीच्या खालच्या पायऱ्या भरल्या. त्यात एक अख्खा रविवार गेला, आणि तो सबंध कामातला सर्वांत कंटाळवाणा दिवस होता. शाळेच्या गुणांची सवयही आड येते. दहापैकी पाच म्हटलं की आपल्याला काठावर पास झालेला मुलगा दिसतो. संपादकांच्या सूचनेत मात्र पाचचा अर्थ लिहिला होता: नीट केलेलं काम, पण पुन्हा ऐकावंसं वाटेलच असं नाही.

पट्ट्या तरी किती प्रकारच्या आहेत बघा. अमेरिकन संगीत-समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाउ 1969 पासून शाळेसारख्या अक्षरी श्रेणी देत आले. कुठे पाच तारे असतात. पिचफोर्क हे संगीतविषयक संकेतस्थळ 0.0 ते 10.0 असे दशांशात गुण देतं, 7.8 आणि 7.9 मध्ये त्यांना काहीतरी ऐकू येतं म्हणायचं. परीक्षणं एकत्र करणारं मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ या सगळ्यांना शंभरच्या मापात बदलून घेतं आणि भारित सरासरी काढतं, म्हणजे काही परीक्षणांना जास्त वजन. कुणाला किती, ते सांगत नाहीत. आणि ज्या परीक्षणात गुणच नाहीत त्याला मजकूर वाचून त्यांचे लोक गुण देतात. हे कळल्यावर ‘मी आकडा देणारच नाही’ हा माझा आवेश मावळला. आपण नाही दिला तर दुसरा कुणीतरी देणार.

शिडीवर नवा अल्बम साडेसहा आणि साडेसात यांच्या मध्ये बसला. मी सात लिहिले. 16 तारखेला सोमवारी संध्याकाळी, मुदतीच्या एक दिवस आधी, 604 शब्द पाठवले आणि फार खूश होऊन झोपले.

मंगळवारी सकाळी मुद्रितं तपासणाऱ्या सहकाऱ्यांचा मेल. एकच प्रश्न: ‘तुम्ही ज्याला सुरुवातीचं गाणं म्हणता ते प्रेस नोटनुसार अकरावं आहे. कृपया खात्री करावी.’

प्रेस नोट उघडली. पहिल्याच पानावर गाण्यांचा क्रम होता. श्रेयनामावली गाण्यांप्रमाणे असती तर तो मला तिथेच दिसला असता.

उतरवलेल्या फाइल्सच्या नावांत आकडे नव्हते. माझ्या प्लेअरने त्या निमूटपणे वर्णानुक्रमे लावल्या आणि मी बारा दिवस तो अल्बम त्याच क्रमाने ऐकत होते. सहा मिनिटं वीस सेकंदांचं शेवटचं गाणं माझ्याकडे पहिलं आलं होतं. त्यावर मी लिहिलं होतं, ‘अल्बमची सुरुवातच निरोपाने करण्याचं धाडस’. एक मिनिट दहा सेकंदांचा वाद्यांचा तुकडा, जो खरं तर प्रवेश होता, माझ्याकडे सातवा होता, आणि त्याला मी ‘ऐन मध्यावर श्वास घेण्यासाठी दिलेली जागा’ म्हटलं होतं. तिसरं गाणं धाडकन तुटतं यावर दोन वाक्यं होती, की हा तुटलेपणाच अल्बमचा विषय आहे. ते तुटत नव्हतंच. ते पाचवं गाणं होतं आणि एका सुरावरून थेट सहाव्यात शिरत होतं. सहावं माझ्याकडे दहावं होतं, आणि वहीत त्याच्यासमोर लिहिलं होतं: ‘मधूनच सुरू होतं, का?’

‘का?’ असं मी स्वतः लिहिलं होतं आणि उत्तर न शोधता पुढे गेले होते. दोष फाइल्स पाठवणाऱ्यांना थोडा देता येईल, पण खुणा समोर होत्या आणि प्रत्येक खुणेला मी अर्थ चिकटवत गेले. लाज वाटली ती त्याची.

संपादकांना फोन केला. त्यांना मी सर म्हणते. सगळं सांगितलं, परीक्षण मागे घेते म्हणाले. पलीकडे काही क्षण शांतता, मग ते हसायला लागले. ‘उद्या दुपारी बारापर्यंत वेळ देतो. योग्य क्रमाने दोनदा ऐका, जास्त नको. क्रमाबद्दल लिहिलेलं सगळं काढा. श्वासाला हात लावू नका.’

मी म्हटलं, ‘सर, पण आता मला माझ्या कानांवरच भरवसा नाही.’

त्यावर त्यांनी सांगितलं ते ऐकून हलकं वाटलं. 1991 मध्ये निर्वाणा या रॉक बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ला रोलिंग स्टोनने पाचपैकी तीन तारे दिले होते. त्याच मासिकाच्या 2020च्या 500 सर्वोत्तम अल्बमच्या यादीत तो सहावा आहे. पिचफोर्कने 2021 मध्ये आपल्याच जुन्या 19 अल्बमचे गुण जाहीरपणे बदलले. ‘मत चुकलं तर पुढे बदलता येतं,’ ते म्हणाले. ‘तपशील चुकला तर दुसऱ्याच दिवशी दिलगिरी छापावी लागते.’

दिवसभराची इतर कामं सोडली आणि दोनदा ऐकलं. क्रम हा गंभीर मामला आहे हे मला पुस्तकी माहीत होतंच. गायिका अॅडेलच्या मागणीवरून 2021 मध्ये स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणं, ही पहिली निवड ठेवणं बंद केलं, तेव्हा मी त्या बातमीला जोरात मान डोलावली होती. आता प्रवेशाचा तुकडा पहिला आला आणि दुसऱ्या गाण्याची चाल त्यात आधीच पेरलेली सापडली. पाचव्यातून सहाव्यात जाताना अंगावर काटा आला. पण संथ गाणी आता शेवटी एकापाठोपाठ तीन आली, आणि आठव्यानंतर अल्बम खरोखर रेंगाळतो असं वाटायला लागलं. माझ्या चुकीच्या क्रमात ती विखुरली गेली होती. वर्णमालेने त्या बाबतीत बरं काम केलं होतं, हे छापण्यासारखं नव्हतं.

पाचपैकी दोन परिच्छेद नवे लिहिले. बुधवारी साडेअकराला पाठवले. बाराला सरांचा फोन.

‘गुण?’

‘सातच.’

‘साडेसात का नाहीत?’

आठव्यानंतरच्या रेंगाळण्याबद्दल सांगितलं.

‘साडेसहा का नाहीत?’

पाचव्या-सहाव्याचा जोड सांगितला, 2:14 सांगितलं. त्यांनी आणखी दोन सहकाऱ्यांना अल्बम ऐकवला होता. एकीचं मत आठ, एकाचं सहा. थोडी चर्चा झाली आणि सातच राहिले. मला वाटायचं आकडा एकट्या लिहिणाऱ्याचा असतो. इथे तो माझ्या नावाखाली छापला जाणार होता, पण सगळ्यांसमोर उभं राहून त्याची कारणं मला द्यावी लागली. चुकीच्या क्रमालाही सात, बरोबर क्रमालाही सात, कारणं मात्र पूर्ण वेगळी. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

शुक्रवारी परीक्षण आलं. इतर ठिकाणची परीक्षणं मी तोवर वाचली नव्हती, त्या दिवशी सगळी वाचली. एकाने श्वासाचा उल्लेख केला होता, तेव्हा एकटीच बडबडत नव्हते याचं बरं वाटलं. एकाने शेवटच्या तीन गाण्यांना अल्बमचं हृदय म्हटलं होतं. पुन्हा ऐकलं. पटलं नाही, पण त्याला काय ऐकू आलं असेल ते कळलं. वाचकांच्या प्रतिक्रियांत बहुतेकांनी आकड्यावरच वाद घातला. सहाशे शब्द वाचल्याची खूण दोघा-तिघांत दिसली.

मानधनासाठी वेगळा फॉर्म, बिल क्रमांक, बँकेचा तपशील आणि मजकूर माझाच असल्याचं सहीचं पत्र लागलं. पैसे 45 दिवसांनी आले. बिल त्याच दिवशी पाठवा. मी आठवडाभर उशीर केला आणि पुढच्या महिन्याच्या रांगेत गेले.

दुसऱ्या अल्बमची लिंक पैशांच्या आधीच आली होती. या वेळी फाइल्सच्या नावांत आकडे होते. तरीही प्रेस नोट उघडली, खालचा सगळा मजकूर हाताने झाकून गाण्यांचा क्रम तेवढा वहीत उतरवला, आणि मग दिवा बंद केला.